कर्नल बदलून बघा, कार्ड नंतर बदला

(नाशिकमध्ये लिनक्स वापरणाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नवा लॅपटॉप घेतला, हौसेनं उबंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) चढवलं आणि वाय-फाय गायब, ही तक्रार घेऊन येणाऱ्याला कुणीतरी आधीच सल्ला दिलेला असतो. एक तर ‘फॉरमॅट मार’, नाहीतर ‘यूएसबी डोंगल घे आणि मोकळा हो’. फॉरमॅटनं काही साधत नाही आणि डोंगलचे पैसे बहुतेक वेळा फुकट जातात. वाय-फायचं कार्ड धडधाकट असतं, जुना असतो तो कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला लिनक्सचा गाभा.

विंडोजमध्ये कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम, उतरवायची सवय आपल्या हाडीमासी भिनलेली. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच असतात आणि त्याच्याबरोबरच बाहेर पडतात. मूळ कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. उबंटू मात्र एक आवृत्ती धरून बसतं. २२.०४ आलं तेव्हा त्यात ५.१५ होता, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मधला. तुमच्या पेन ड्राइव्हवर तीच पहिली इमेज असेल, तर नंतर आलेल्या चिपची ओळख त्याला कुठून असणार?

म्हणून आधी उपकरणाला विचारायचं. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएनके’ जोडून द्या (lspci -nnk). नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत चौकटी कंसात, समजा, १०ईसी:बी८५२ दिसलं. पहिला भाग कंपनीचा, इथे रिअलटेक. (इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा त्यांनी कपाळावर लावून घेतलाय.) दुसरा भाग चिपचा, आरटीएल ८८५२बीई. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ हवी. ती नसेल तर कार्ड दिसतंय, पण त्याला वाली नाही.

या चिपचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आला ६.२ ला, फेब्रुवारी २०२३ मध्ये. तिची थोरली बहीण ८८५२एई ५.१६ पासूनच चालते. तेव्हा ५.१५ वर कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. मोबाइल केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल, आणि उबंटूचाच एचडब्ल्यूई कर्नल बसवा. तो नव्या हार्डवेअरसाठीच असतो. तरीही कार्ड उठलं नाही, तर ‘डीमेसेज’ (dmesg) या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल सापडत नसल्याची कुरकुर दिसते का बघा. फर्मवेअर वेगळ्या पॅकेजमधून येतं, तेही अद्ययावत लागतं.

कर्नल बदलला तर माझे प्रोग्राम, माझ्या फायली? जिथल्या तिथे. कर्नलमधल्या बदलामुळे वापरणाऱ्याचा चालता प्रोग्राम मोडता कामा नये, याबाबत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स फार कडक आहेत. द्राक्षवाल्यांना हे पटकन कळेल. खाली डॉगरिजचा खुंट, वर थॉमसनचं कलम. जमिनीशी, खाऱ्या पाण्याशी झुंजायचं ते खुंटानं, घड लागतात ते वरच्या वाणाचेच. बागेत उभ्या वेलीचा खुंट बदलता येत नाही, इथे एका रीबूटमध्ये बदलतो.

मात्र हे अभय वरच्या प्रोग्रामना आहे, ड्रायव्हरना नाही. कर्नलची आतली रचना कधीही बदलते. मूळ कर्नलमधले ड्रायव्हर बदल करणारेच दुरुस्त करतात, बाहेरून आणलेल्यांना कुणी विचारत नाही. डीकेएमएस ही सोय प्रत्येक नव्या कर्नलसाठी असा ड्रायव्हर पुन्हा बांधून देतं खरं, पण मूळ कोडच जुना पडला तर तेही हात टेकतं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांसाठीच्या जुन्या ३४० मालिकेच्या ड्रायव्हरचं हेच होतं. अशा कार्डाला उलट जुना कर्नल लागतो, नाहीतर नूवो या कर्नलमधल्याच मुक्त ड्रायव्हरवर भागवायचं. आणि सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअरची डिजिटल सही तपासणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर दारातच अडवला जातो.

जुना कर्नल लगेच काढू नका. संगणक सुरू होतानाच्या ग्रब या मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये तो असतो, काही बिघडलं तर तिथून चालू करता येतो. नव्यावर आवाज, प्रिंटर आणि मुख्य म्हणजे लॅपटॉप झोपून परत उठतो का, एवढं तपासा.

आता सातपूर-अंबडच्या वर्कशॉपवाल्यांसाठी, कारण त्यांचा प्रश्न निराळा आहे. लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरवर कारखान्यातलं मशिन चालवताना ड्रायव्हर असतो, मोटर फिरते, आणि तरीही जॉब बिघडतो. स्टेपर मोटर विजेच्या प्रत्येक ठोक्याला, म्हणजे पल्सला, एक स्टेप फिरते. संगणकच हे पल्स काढत असेल तर प्रत्येक पल्स वेळेवर जायला हवा. साधा कर्नल मध्येच दुसऱ्या कामात गुंततो, पल्स उशिरा जातो आणि मोटर स्टेप चुकते. इथे लागतो वेळ काटेकोर पाळणारा रिअल-टाइम (आरटी) कर्नल. त्याचा प्रीएम्प्ट-आरटी हा पॅच, म्हणजे कर्नलच्या कोडवर वरून लावायचा बदल, जवळपास वीस वर्षं बाहेरच होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो मूळ कर्नलमध्ये आला, ६.१२ पासून मिळतो. डेबियन या लिनक्समध्ये आरटी कर्नलचं तयार पॅकेज आहे.

बसवल्यावर उशीर मोजणारी ‘लेटन्सी टेस्ट’ लावा आणि संगणकाला मुद्दाम छळा: व्हिडिओ लावा, खिडक्या ओढा, मोठ्या फायली कॉपी करा. कमाल आकडा १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम. ३० ते ५० असेल तर मशिन चालेल, पण वेग कमी ठेवावा लागेल. १०० च्या वर गेला तर तो पीसी या कामाचा नाही, पल्ससाठी वेगळं कार्ड घ्या. लॅपटॉपच्या वाटेला जाऊच नका, वीज वाचवण्याच्या त्याच्या युक्त्या इथे नडतात.

आणि असा एखादा कर्नल जमून गेला की त्याला ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ लावून तिथेच थोपवा. लॅपटॉपवर मी नव्याच्या मागे लागा म्हणतो, मशिनवर अजिबात म्हणणार नाही. त्या पीसीला इंटरनेटही कशाला? जी-कोड, म्हणजे मशिनला द्यायच्या सूचनांची फाइल, पेन ड्राइव्हनं न्या.