नावात शिंग, अंगावर जाळी

हा दगड पाहा. वीतभर उंच, खाली निमुळता, वर रुंद होत गेलेला. आठ कडा, आणि त्यांवर ओळीने आलेली टेंगळं. आता जरा जवळ जाऊ. अंगभर उभ्या-आडव्या रेषा दिसतात? बांबूच्या कणगीची वीण असावी तशा.

हा हिड्नोसेरस. समुद्रतळाला चिकटून जगणारा काचस्पंज. वनस्पती नव्हे, प्राणीच. सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळाच्या शेवटाकडे, अमेरिकेतल्या आजच्या न्यूयॉर्क राज्याचा दक्षिण भाग उथळ समुद्राखाली होता. पूर्वेचे डोंगर झिजत होते आणि नद्या त्यांचा गाळ या समुद्रात आणून ओतत होत्या. डायनोसॉर यायला अजून जवळजवळ १४ कोटी वर्षं होती.

या प्राण्याला डोळे नाहीत, पोट नाही. भिंतीतल्या छिद्रांतून पाणी आत घ्यायचं, त्यातले जीवाणू आणि बारीकसारीक कण टिपायचे, उरलेलं पाणी वरून सोडून द्यायचं. एवढंच जगणं. पण सांगाडा बघत राहावा असा! सिलिकाच्या, म्हणजे काचेच्याच द्रव्याच्या, इवल्या कंटिका, म्हणजे सुईसारखे काटे. सहा टोकं, एकमेकांशी काटकोनात. त्या एकीला एक लागत गेल्या, की चौकडीची जाळी तयार.

ती काच आज या दगडात नाही. स्पंज मेला, गाळात गाडला गेला, पोकळीत वाळू भरली. काच विरघळून गेली. साच्यातून काढलेल्या मोदकावर साच्याच्या कळ्या उमटलेल्या असतात ना, तशी नाहीशा झालेल्या जाळीची रेघन् रेघ या वाळूवर उमटून राहिली आहे.

१८४२ साली अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ टिमथी कॉनरॅड यांनी याला नाव दिलं, तेव्हा त्यांना हा माकूळ-नॉटिलसच्या कुळातला शंख वाटला. त्या कुळातल्या कितीतरी जुन्या प्राण्यांच्या नावांत ‘सेरस’ येतं. ग्रीकमध्ये ‘केरास’ म्हणजे शिंग. टेंगळांचं शिंग! त्या काळी हातात एवढाच दगड असताना दुसरं काय वाटणार? पुढे हा स्पंज असल्याचं उमगलं, आणि जेम्स हॉल आणि जॉन क्लार्क या जीवाश्मतज्ज्ञांनी या जाळीदार स्पंजांवर मोठा ग्रंथच लिहिला. पण प्राणिशास्त्राच्या नियमाने आधी दिलेलं नाव चालतं. म्हणून स्पंजाच्या नावात शिंग राहिलं, आणि कॉनरॅड यांची ती पहिली नजरही.

काचस्पंज आजही आहेत, बहुतेक खोल, थंड पाण्यात. १९८७ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत त्यांचे, प्रवाळखडकांसारखे, जिवंत खडकच सापडले. त्यांत आठ कडांचा हा मात्र कुठेच नाही.