डी'ॲरन फॉक्सची सॅक्रामेंटोतली साडेसात वर्षे

(कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळाच्या अध्यक्षा, कार्यकारिणीचे सदस्य आणि उपस्थित मित्रमंडळी,

या व्यासपीठावर नाटकावर बोलले जाते, गाण्यावर बोलले जाते, फार तर क्रिकेटवर. बास्केटबॉलवर मराठीत बोलायला मला उभे केले आहे ते आपल्याच पॉटलकमध्ये पेटलेल्या एका वादामुळे. फेब्रुवारी २०२५मध्ये डी'ॲरन फॉक्स सॅक्रामेंटो किंग्ज हा आपला इथला संघ सोडून सॅन अँटोनियो स्पर्सकडे गेला, तेव्हा आपल्यापैकी काही जणांनी पुरणपोळीच्या ताटावरच त्याला ‘गद्दार’ ठरवून टाकले. हा शब्द अलीकडे महाराष्ट्रात फार स्वस्त झाला आहे, तो इथवर आयात करण्याची गरज नव्हती. मला मात्र असे वाटते, की या माणसाने आपल्या पहिल्या संघात काय केले याचा हिशेब मांडायचा असेल, तर तो संघ त्याच्या वाट्याला कसा आला इथपासून सुरुवात केली पाहिजे.

आपल्या मुंबईत क्रिकेट खेळणारा मुलगा स्वतः क्लब शोधत हिंडतो. खांद्यावर किटबॅग घेऊन तो शिवाजी पार्कवर जातो, आझाद मैदानावर जातो, कोणी कांगा लीगमध्ये खेळवील का ते विचारतो, आणि जिथे चार चेंडू जास्त टाकायला मिळतील तिथे राहतो. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, हे सगळे उलटे आहे. तिथे दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो, आणि नव्या मुलांमधून कोणी आधी निवड करायची याची सोडत अशी बेतलेली असते, की आदल्या हंगामात ज्या संघांची सर्वांत जास्त वाताहत झाली, त्यांनाच वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता सर्वाधिक. म्हणजे मुलगा जितका गुणी, तितका तो पडक्या घरात जाण्याचा संभव मोठा. संघांची ताकद समान राहावी हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे, पण एकोणीस-वीस वर्षांच्या त्या मुलाला कोणी विचारत नाही, हेही तितकेच खरे.

फॉक्सच्या बाबतीत तर सोडतीतही एक गुंता होता. २०१७च्या सोडतीत किंग्जना वास्तविक तिसरा क्रमांक लागला होता. परंतु दोन वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाशी केलेल्या एका सौद्यात त्यांनी क्रमांकांची अदलाबदल करण्याचा हक्क देऊन ठेवला होता, तो फिलाडेल्फियाने बजावला आणि किंग्ज पाचव्या क्रमांकावर घसरले. त्या पाचव्या क्रमांकावर केंटकी विद्यापीठातून एकच हंगाम खेळून बाहेर पडलेला, टेक्सासमधल्या केटी गावात वाढलेला हा सडपातळ, डावखुरा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन आक्रमण रचणारा खेळाडू, त्यांच्या हाती लागला. त्याच वर्षीच्या विद्यापीठ स्पर्धेत त्याने यूसीएलएविरुद्ध ३९ गुण केले होते. शर्टावरही त्याने ५ हाच आकडा घातला.

आणि संघ कोणता, तर २००६नंतर एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, न पोहोचलेला. डीमार्कस कझिन्स हा संघातला सर्वांत मोठा खेळाडू त्यांनी चारच महिन्यांपूर्वी न्यू ऑर्लीन्सला देऊन टाकला होता. रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी अशी बिऱ्हाडे बदलत १९८५मध्ये हा संघ सॅक्रामेंटोला आला, आणि २०१३मध्ये तो तिथूनही सिएटलला हलणार अशी वेळ आली होती. तेव्हा तो विकत घेऊन जागच्या जागी ठेवणाऱ्या गुंतवणूकदारांचे नेतृत्व विवेक रणदिवे यांनी केले. मुंबईत जन्मलेला, तिथेच वाढलेला एक मराठी आडनावाचा माणूस एनबीएतल्या एका संघाचा मालक झाला, याचे आपल्या मंडळाला केवढे अप्रूप होते ते आठवत असेल.

त्या अप्रूपाचाच पुढचा भाग म्हणजे ऑक्टोबर २०१९. एनबीएचे भारतातले पहिले सामने त्या महिन्याच्या ४ आणि ५ तारखेला वरळीच्या डोममध्ये झाले, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. नवरात्र होते, मी आईकडे दादरला गेलो होतो, आणि शहराचे लक्ष त्या दोन दिवसांत खरे तर आरेतल्या झाडांकडे लागलेले होते. पहिला सामना हजारो शाळकरी मुलांनी पाहिला. पेसर्सनी तो जादा वेळेत १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन गेलो. ज्या डोममध्ये आम्ही यू मुंबाच्या कबड्डीला घसा बसेपर्यंत ओरडलो होतो, तिथे लाकडी जमिनीवर बुटांचे चर्रचर्र आवाज घुमत होते.

सामना एकतर्फीच झाला, किंग्ज १०६-१३० असे हरले, आणि त्यातले फारसे काही मला आठवत नाही. सामन्याआधीचा सराव मात्र आठवतो. आमच्या समोरच्या कोपऱ्यात फॉक्स उभा होता. चेंडू सुटल्यावर त्याचा डावा हात क्षणभर तसाच वर राही, मनगट खाली वळलेले, बोटे सैल सोडलेली, आणि चेंडू जाळीत पडला की नाही हे न बघताच तो पुढच्या चेंडूसाठी वळलेला असे. भाचा बराच वेळ गप्प बसून पाहत होता. मग म्हणाला, “मामा, हा डावरा आहे. माझ्यासारखा.” बाहेर पडताना त्याने पाच नंबरचा जांभळा शर्ट घ्यायला लावला. तो त्याला तेव्हा गुडघ्यापर्यंत येत होता.

मुंबईला हा खेळ नवा नव्हता, हेही इथे सांगितले पाहिजे. हा खेळ जन्मला वायएमसीएत, १८९१मध्ये, आणि आपल्याकडे तो रुजला नागपाड्यात. अर्जुन पुरस्कार मिळवणारे आणि भारताचे कर्णधार झालेले अब्बास मुंतसिर नागपाड्याच्याच मैदानावर तयार झाले. माटुंग्याला इंडियन जिमखान्यावरची रामू स्मृती स्पर्धा मी शाळेत असताना कुंपणाला लटकून पाहिलेली आहे. त्यामुळे वरळीला त्या संध्याकाळी माझ्या मागच्या रांगेत बसलेले दोन वयस्कर गृहस्थ फॉक्सच्या पहिल्या पावलावर ज्या बारकाईने चर्चा करत होते, तिचे मला आश्चर्य वाटले नाही.

ते पहिले पाऊल हेच त्याच्या खेळाचे मर्म. आपल्या बास्केटखाली चेंडू हाती आला, की प्रतिस्पर्धी मागे वळेपर्यंत तो मध्यरेषा ओलांडून गेलेला असे. सुरुवातीच्या वर्षांत तो एवढ्यावरच खेळला. पहिल्या हंगामात त्याची सरासरी जेमतेम साडेअकरा गुणांची होती, चौथ्या हंगामात ती २५च्या वर गेली. संघ मात्र होता तिथेच राहिला. प्रशिक्षक डेव्ह जोर्गर गेले, ल्यूक वॉल्टन आले, त्यांना हंगामाच्या मध्येच काढून ॲल्विन जेंट्रींना हंगामी नेमले. २०१८च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर संघाने मार्विन बॅगली घेतला आणि पुढे लीगमधला मोठा खेळाडू ठरलेला लूका डॉन्चिच दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला. त्या निर्णयावर इथल्या माणसाशी अजूनही शांतपणे बोलता येत नाही, म्हणून मी पुढे जातो. सलग १६ हंगाम प्लेऑफविना, हा एनबीएच्या इतिहासातला सर्वांत लांब दुष्काळ. त्यातली ११ वर्षे फॉक्स येण्यापूर्वीची होती, उरलेली पाच त्याने स्वतः मैदानावर उभे राहून काढली. आणि त्यातल्याच चौथ्या वर्षाच्या तोंडावर, नोव्हेंबर २०२०मध्ये, त्याने याच संघाशी आणखी पाच वर्षांचा करार केला होता. पहिला संघ माथी मारला गेला असेल, पण हा दुसरा करार त्याने डोळे उघडे ठेवून केला. ‘गद्दार’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात हा करार कोठेच दिसत नाही.

फेब्रुवारी २०२२मध्ये किंग्जनी टायरीस हॅलिबर्टन हा आपला तरुण गुणी गार्ड आणि बडी हील्ड यांना इंडियानाला देऊन डोमांटस सबोनिस घेतला. त्यावर चहूबाजूंनी टीका झाली, मीही केली. पुढच्या हंगामात माइक ब्राउन प्रशिक्षक म्हणून आले, आणि मग जे झाले ते इथल्या प्रत्येकाने पाहिले आहे. ४८ विजय, ३४ पराभव, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक, लीगमधले सर्वांत धारदार आक्रमण. प्रत्येक विजयानंतर गोल्डन वन सेंटरच्या छतावरून आकाशात जांभळ्या प्रकाशाचा झोत सोडण्याची प्रथा त्याच वर्षी पडली. आपल्या गणेशोत्सवात त्या वर्षी आरतीनंतर पोरांनी ‘लाइट द बीम’च्या घोषणा दिल्या असत्या, पण हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, म्हणून गणपती वाचला.

त्या वर्षी फॉक्स बदलला तो वेगात नव्हे, तर थांबण्यात. चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये, सामना दोन-चार गुणांवर आलेला असताना, तो पूर्ण वेगाने आत घुसायचा आणि फ्री थ्रोच्या रेषेपाशी एकाएकी थबकायचा. अंगावर धावून आलेला प्रतिस्पर्धी दोन पावले पुढे निघून जायचा आणि तेवढ्या मोकळ्या हवेत हा उडी मारून चेंडू सोडायचा. आजकालचे जाणकार या अंतरावरच्या फेकीला नाके मुरडतात. एक तर तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेका नाही तर बास्केटखाली जा, असे त्यांचे गणित. ते गणित चुकीचे नाही, पण शेवटच्या दोन मिनिटांत प्रतिस्पर्धी ह्याच दोन जागा अडवून बसलेले असतात. शेवटच्या पाच मिनिटांत, फरक पाच गुणांचा किंवा कमी असताना केलेले गुण एनबीए वेगळे मोजते. त्या हंगामात फॉक्सचे असे गुण १९४ झाले, लीगमध्ये सर्वाधिक. अशा खेळासाठी ठेवलेला पुरस्कार त्याच वर्षी प्रथम दिला गेला आणि तो त्यालाच मिळाला.

१५ एप्रिल २०२३. प्लेऑफमधला त्याचा पहिला सामना, समोर गतविजेते गोल्डन स्टेट वॉरियर्स. फॉक्सने ३८ गुण केले आणि किंग्ज १२६-१२३ जिंकले. सात सामन्यांच्या त्या मालिकेतल्या चौथ्या सामन्यात त्याच्या डाव्या हाताची, म्हणजे फेकीच्या हाताची, तर्जनी टोकाशी मोडली. ज्या बोटावरून चेंडू शेवटी सुटतो तेच बोट. ते बांधून तो पाचवा, सहावा आणि सातवाही सामना खेळला. सहावा सॅन फ्रान्सिस्कोत जाऊन जिंकला. सातव्यात वॉरियर्सच्या स्टेफन करीने ५० गुण केले आणि आपल्याच अंगणात सगळे संपले.

त्यानंतरची दीड वर्षे मला थोडक्यात सांगायची आहेत, कारण ती उताराची आहेत. २०२३-२४मध्ये त्याची स्वतःची सरासरी २६.६पर्यंत चढली, पण ४६ विजय मिळवूनही संघ प्लेऑफच्या दारातून परतला. त्यातून एकच रात्र वेगळी काढतो. १५ नोव्हेंबर २०२४ला मिनेसोटाविरुद्ध त्याने ६० गुण केले. सिनसिनाटीच्या दिवसांत, १९६० साली, जॅक ट्वायमनने केलेला ५९ गुणांचा या संघाचा विक्रम त्याने मोडला. सामना मात्र किंग्ज जादा वेळेत १३०-१२६ असे हरले. दुसऱ्याच रात्री यूटाविरुद्ध त्याने ४९ केले आणि तो सामना जिंकला. त्या पहिल्या रात्री मी स्टेडियममध्ये होतो. साठावा गुण झाला तेव्हा लोक उभे राहिले, आणि सामना संपल्यावर तेच लोक एकमेकांशी न बोलता पार्किंगकडे गेले. त्याच्या इथल्या कारकिर्दीचे वर्णन करायला मला यापेक्षा नेमके दृश्य सापडलेले नाही.

डिसेंबरच्या अखेरीस माइक ब्राउनना काढले, डग क्रिस्टींना हंगामी नेमले. म्हणजे साडेसात वर्षांत पाच प्रशिक्षक. फॉक्सने नवा करार लांबणीवर टाकलेला होताच. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तीन संघांच्या सौद्यात तो सॅन अँटोनियोला गेला आणि शिकागोहून झॅक लविन इकडे आला. त्याने मनात नसलेल्या कागदावर सही केली नाही, हा माझ्या मते दोष नव्हे. शिवाय, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून उठून कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आपण मंडळींनी, सत्ताविसाव्या वर्षी गाव बदलणाऱ्याला निष्ठेचे धडे द्यावेत, हे जरा अतीच होते. त्या पॉटलकमध्ये मी हे बोललो नाही, कारण यजमानीणबाई फार रागावलेल्या होत्या आणि पोळ्या अजून यायच्या होत्या.

बदलीची बातमी मुंबईत पोहोचली तेव्हा भाच्याचा फोन आला. तो आता माझ्यापेक्षा उंच आहे, त्याचा तो जांभळा शर्ट घरात कोणालाच बसत नाही. वरळीला किंग्जच्या बाजूने आलेल्यांपैकी आता तिथे कोण उरले, असे त्याने विचारले. आम्ही फोनवरच एकेक नाव घेऊ लागलो. हील्ड इंडियानाला दिला गेला होता. हॅरिसन बार्न्स आदल्याच उन्हाळ्यात सॅन अँटोनियोला गेला होता, तिथे आता फॉक्स त्याला पुन्हा भेटणार होता. यादी संपली. तेव्हाचा एकही खेळाडू उरला नव्हता.

“सबोनिस आहे की,” भाचा म्हणाला.

“तो त्या दिवशी पेसर्सकडून आला होता,” मी म्हणालो.