निकाल नको, नोंद करा

नमस्कार श्रोतेहो.

रोजनिशी सुरू करणं सोपं असतं. ती तिसऱ्या आठवड्यात टिकवणं अवघड जातं. पहिली दहा-बारा पानं भरलेली आणि पुढची सगळी कोरी अशा वह्या कितीतरी कपाटांत पडून असतात. लोक त्याचं खापर आपल्या आळसावर फोडतात. मला ते पटत नाही. वही बंद पडते ती बहुतेक वेळा त्या दहा-बारा पानांत जे लिहिलेलं असतं त्यामुळे.

ती पानं वाचून पाहा. ‘आज दिवस छान गेला.’ ‘आज फार चिडचिड झाली.’ ‘वेळ वाया घालवला, उद्यापासून नीट वागायचं.’ हे सगळे निकाल आहेत. चिडचिड कुणावर झाली, किती वाजता झाली, त्याआधी काय चाललं होतं, यातलं काहीही त्या ओळीत नाही. महिन्याभरानं ती ओळ वाचली तर तो दिवस आठवतही नाही. लिहिणाऱ्यालाच वाचावंसं वाटत नाही असं रोज कोण लिहील? शिवाय हे निकाल बहुधा स्वतःच्या विरोधातच लागलेले असतात. रोज रात्री स्वतःला नापास करण्याचा कार्यक्रम मन फार दिवस चालू देत नाही.

म्हणून पहिली सवय लावायची ती नोंद करण्याची. त्या जागी एखाद्या तिऱ्हाइताला उभं केलं असतं तर त्याला जे दिसलं असतं, ऐकू आलं असतं, ते आधी लिहायचं. मग शरीराची अवस्था. भावना सगळ्यात शेवटी. ‘आज फार चिडचिड झाली’ ही ओळ मग अशी होते: ‘संध्याकाळी सहाच्या सुमारास भावाशी फोनवर बोलताना त्याचं वाक्य दोनदा तोडलं. दुपारपासून पोटात काही नव्हतं. फोन ठेवल्यावर ओशाळायला झालं.’ तीनच वाक्यं आहेत, पण त्यांत वेळ आहे, माणूस आहे, भूक आहे. महिन्याभरात अशी पाच पानं जमली आणि त्यांतल्या चारांत रिकामं पोट निघालं, तर स्वभाव बदलण्याचा निश्चय बाजूला ठेवून आधी वेळेवर खाऊन पाहता येतं. ‘माझा स्वभावच तापट’ या निकालातून असं काही करण्याजोगं हाती लागत नाही.

भावनेच्या शब्दाबाबत चोखंदळ राहा. ‘वाईट वाटलं’ हा शब्दप्रयोग सगळ्याला पुरतो, म्हणून कशालाच उपयोगी पडत नाही. अपमान वाटला, हेवा वाटला, धास्ती वाटली की पश्चात्ताप झाला? चौघांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. धास्ती असेल तर पुढं काहीतरी येऊ घातलंय, त्याची तयारी करता येते. पश्चात्ताप असेल तर माफी मागता येते. हेवा असेल तर आपल्याला नेमकं काय हवंय ते कळतं, आणि माझ्या मते रोजनिशीत सगळ्यात कमी लिहिली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी भावना हीच आहे. २००७ साली अमेरिकेत मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना भावना दाखवणारे चेहरे दाखवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडायला सांगितला, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. त्याच चेहऱ्यांना नुसतं बाईमाणसाचं किंवा पुरुषाचं नाव जुळवायला सांगितलं, तेव्हा तेवढी कमी झाली नाही. भीती आणि धोका हाताळण्यात अमिग्डालाचा मोठा वाटा असतो.

आता किती लिहायचं ते. तीन ते पाच ओळी, दहा मिनिटांच्या आत. पहिल्या उत्साहात दोन-दोन पानं लिहिणारे थांबतात याचं कारण उघड आहे. त्यांनी स्वतःसाठी दोन पानांचा दंडक घातलेला असतो आणि थकलेल्या रात्री तो पेलत नाही. जास्त सुचलं तर जरूर लिहा, पण ठरवलेलं माप तीनच ओळींचं ठेवा. ‘रात्री लिहीन’ एवढं ठरवून भागत नाही, कारण रात्र मोठी असते. जे काम रोज न चुकता होतंच त्याच्या पाठीला हे बांधा: दात घासून झाले की वही. आणि वही उशीवर उघडी ठेवा, आत पेन खोचून. कपाटातून वही काढा, पेन शोधा, पान उलटा, एवढ्या तीन पायऱ्यांतच अर्ध्या रात्री गळतात.

सवय एकवीस दिवसांत लागते असं तुम्ही ऐकलं असेल. या आकड्याचा उगम बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या लिखाणात आहे. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना नव्या रूपाची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये नोंदवलं होतं. पुढं त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि आकडा सगळ्याच सवयींना चिकटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. नवी गोष्ट आपोआप होऊ लागण्याचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे बाविसाव्या दिवशीही वही जड वाटत असेल तर तुमचं काही चुकत नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकल्यानं सवयीच्या घडणीत म्हणावा असा खंड पडत नाही.

तर दिवस चुकला की काय करायचं? आजची तारीख घालायची आणि आजचं लिहायचं. मागचे चार दिवस आठवून भरून काढायचे नाहीत. एक तर ते काम डोंगराएवढं वाटतं आणि त्या धसक्यानं पाचवा दिवसही जातो. दुसरं म्हणजे चार दिवसांनी जे आठवतं त्यावर नंतरच्या घटनांचा रंग चढलेला असतो. छापील तारखांची डायरी मी म्हणूनच सुचवत नाही, त्यातली कोरी पानं रोज टोचतात. साधी, शिवलेली, रेघांची वही घ्या आणि तारीख व वार स्वतः घाला. फार देखणी वही नको, तिच्यात गिचमिड करायला हात कचरतो. पेन बॉलपॉइंट असलेलं बरं. त्याची शाई तेलकट असते, पाणी सांडलं तरी सहसा फुटत नाही, काही जेल पेनांची फुटते. फोनवर लिहिलं तर शोधणं सोपं जातं, हे खरं. पण रात्री झोपायच्या आधी फोन हातात घेतला की दहा मिनिटांची वही तासाभराची होते, म्हणून मी कागदाच्या बाजूनं आहे.

श्रोतेहो, रोजनिशीचा दुसरा उपयोग मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. अंथरुणावर पडलं की राहिलेली कामं रांगेनं समोर येतात. २०१८ साली बेलर विद्यापीठातल्या मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ निरोगी तरुण मंडळींना झोपेच्या प्रयोगशाळेत बोलावलं. अर्ध्यांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं येत्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहायला सांगितली, अर्ध्यांना होऊन गेलेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. त्यातही ज्यांची यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

हा ‘नेमकी’ शब्द धरून ठेवा. ‘विम्याचं काम’ असं लिहून मन मोकळं होत नाही, कारण ते काम नाहीच, तो एक विषय आहे. ‘उद्या अकरा वाजता फोन करून कुठले कागद लागतात ते विचारायचं’ हे काम आहे. वेळ ठरलेली आहे, पहिलं पाऊल ठरलेलं आहे. काम पूर्ण झालेलं नसलं, तरी ते कसं करायचं एवढं ठरलं की त्याचं मधेमधे डोकं वर काढणं कमी होतं, हे मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवलं आहे. म्हणून वहीचं उजवं पान दिवसाच्या नोंदीला द्या आणि डावं पान उद्याच्या कामांना. आधी उजवं लिहा, मग डावं. उलट केलं तर कामांच्या विचारात दिवस लिहायचा राहतो. डाव्या पानावर सहाच्या वर कामं नकोत. पंचवीस कामांची यादी वाचून कुणाला झोप येणार?

काही गोष्टी मात्र तीन ओळींत मावत नाहीत. जुनं दुखणं, तुटलेलं नातं, कुणालाही न सांगितलेली लाज. त्यासाठी वेगळी रीत आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार रात्री, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं लिहिलं. ज्यांनी आयुष्यातल्या एखाद्या आघाताविषयी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांचं मन लिहून झाल्यावर लगेच जास्त जड झालं होतं. पण पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्रात जाण्याच्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. हे करून पाहायचं असेल तर सुट्या कागदांवर करा, रोजच्या वहीत नको. घड्याळ लावा आणि पंधरा मिनिटांनी खरोखर थांबा. शुद्धलेखन पाहू नका. झोपेच्या अगदी तोंडावरही नको, मधे तासभर तरी जाऊ द्या. चौथ्या दिवसानंतर ते कागद फाडून टाकले तरी चालतात. ते वाचण्यासाठी लिहिलेलेच नसतात.

इथं एक धोका आहे आणि तो नीट सांगायला हवा. लिहिणं आणि उगाळणं यांत फार बारीक फरक आहे. पहिल्या दिवशीचा मजकूर आणि तिसऱ्या दिवशीचा मजकूर शेजारी ठेवा. तिसऱ्या दिवशी ‘कारण’, ‘म्हणजे’, ‘आता लक्षात येतं’ असे शब्द येऊ लागले असतील, दुसऱ्या माणसाची बाजू डोकावू लागली असेल, तर लिखाण पुढं सरकतंय. तीच वाक्यं, तोच आरोप, तोच ‘माझ्याच बाबतीत का’ पुन्हा उमटत असेल, तर ते उगाळणं आहे आणि त्यानं त्रास वाढतो. अशा वेळी ‘मी’ सोडा. स्वतःचं नाव घालून, तिसऱ्या माणसाविषयी लिहावं तसं लिहा: अमुक तेव्हा का गप्प राहिली, अमुकला कशाची भीती वाटली. स्वतःशी असं नावानं बोलल्यावर लोकांचा ताण कमी होतो, हे ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांत दिसलं होतं. तरीही सुटत नसेल तर कागद बाजूला ठेवा. घाव अगदी ताजा असेल तर काही आठवडे थांबा. आणि जगणं नकोसं वाटण्यापर्यंत विचार जात असतील, तर वही हा त्यावरचा इलाज नाही. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

कुणी वाचेल ही भीती असली की रोजनिशी खोटी होते. लिहिणारा नकळत स्वतःची बाजू मांडायला लागतो. सॅम्युअल पीप्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १६६० पासून १६६९ पर्यंत रोजनिशी लिहिली ती लघुलिपीत. तुम्हाला लघुलिपी शिकायची गरज नाही. माणसांच्या नावांसाठी एकेक अक्षर ठरवा, वही कुठं असते ते घरात जाहीर करू नका, आणि घरातल्यांना एकदाच स्पष्ट सांगा की ही वही उघडायची नाही. दुसऱ्याच्या वहीबाबत आपणही ते पाळायचं, हे ओघानं आलंच.

आता उरलं वाचणं. महिन्यातून एकदा, पेन्सिल घेऊन, अर्धा तास. झोप, भूक, एकच माणूस, एकच वेळ यांपैकी जे वारंवार दिसेल त्याला समासात खूण करा. मजकूर सुधारू नका.

आणि एक विशेष प्रकारची नोंद जरूर ठेवा: निर्णयाची. काय ठरवलं, का ठरवलं, पुढं काय होईल असं वाटतं, आणि त्याची खात्री शंभरात किती. याचं कारण असं, की निकाल लागल्यावर आपलं मन जुना अंदाज गुपचूप बदलतं. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर निघण्यापूर्वी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेयथ यांनी लोकांना विचारून ठेवलं, की या दौऱ्यांत अमुक गोष्ट घडण्याची शक्यता किती. दौरे झाल्यावर त्याच लोकांना त्यांचे आधीचे आकडे आठवायला सांगितले. ज्या गोष्टी घडल्या होत्या असं त्यांना वाटत होतं, त्यांना आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवलं. प्रत्यक्षात तसं नव्हतं. नोकरी बदलणं, घर बदलणं, कुणाला पैसे उसने देणं, कुणाशी बोलणं बंद करणं, या सगळ्यांबाबत हेच होतं. ‘मला आधीच माहीत होतं’ असं आपण मनापासून म्हणतो आणि त्यातून काहीच शिकत नाही.

म्हणून निर्णयाच्या नोंदीखाली चार ओळी कोऱ्या सोडा आणि तीन महिन्यांनंतरची तारीख घाला. त्या तारखेला वर लिहिलेल्या अक्षरालाही हात न लावता, वेगळ्या रंगाच्या शाईनं, प्रत्यक्षात काय झालं ते तिथं लिहा.

नमस्कार.