डिशवॉशरची पावडर घरच्या घरी

श्रोतेहो, नमस्कार.

२०२० च्या टाळेबंदीत कामाच्या मावशींचं येणं थांबलं आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत डिशवॉशर आला. त्याच्यामागून दर महिन्याचा गोळ्यांचा आणि पावडरीचा खर्चही आला. ही पावडर घरी करता येते का, असं मला आपल्या नाशकात गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत अनेक जणी विचारतात. येते. रविवार कारंज्यावर एक फेरी मारली की सगळं सामान पिशवीत पडतं. पण सामान आणण्याआधी आपल्या घरात पाणी कुठलं येतं ते बघा. माझ्या मते अर्धं काम तिथेच ठरतं.

गंगापूर धरणातून येणारं नळाचं पाणी सहसा हलकं असतं. नव्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी टाकीत मिसळतं. आपल्याकडे खाली काळा पाषाण, त्यातून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त, म्हणून ते जड. डाळ लवकर शिजत नाही, नळाच्या तोटीवर पांढरं पुटं चढतं, तेच हे पाणी. परीक्षा सोपी आहे. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साध्या साबणाचा किसलेला चिमूटभर चुरा टाका आणि खळखळून हलवा. भरपूर फेस आला तर पाणी हलकं. फेस न येता दह्यासारख्या कण्या तरंगल्या तर जड.

आता मिश्रण. दोन वाट्या धुण्याचा सोडा, एक वाटी खाण्याचा सोडा. दोन्ही कोरडे, गुठळ्या फोडून एकत्र करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. एका वेळेला एक मोठा चमचा पुरतो. खरं काम धुण्याच्या सोड्याचं, म्हणजे सोडियम कार्बोनेटचं. गरम पाण्यात तो तेलाच्या काही भागाचा साबण करून टाकतो आणि बाकीचं तेल सुटायला मदत करतो. आपल्या आज्या चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन भांडी घासायच्या, त्या राखेतही पोटॅशियम कार्बोनेट असायचं. खाण्याचा सोडा मिश्रणाचा तिखटपणा जरा कमी करतो, इतकंच.

पाणी जड असेल तर तिसरी जिन्नस लागते ती लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ढोकळ्यात घालतो ते. ते बरणीत मिसळू नका. हवेतला ओलावा लागला की सोडा आणि लिंबूफूल बरणीतच फसफसतात, पावडरीचा दगड होतो आणि दोघांचंही बळ वाया जातं. यंत्राचा कप्पा फडक्याने कोरडा पुसा, आधी चमचाभर मिश्रण, वर अर्धा लहान चमचा लिंबूफूल आणि लगेच झाकण लावा. धुण्याच्या पाण्यात दोघं भेटतात तेव्हा सोडियम सायट्रेट तयार होतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे काचेच्या पेल्यांवर पांढरी धूळ बसल्यासारखं दिसत नाही. नुसता सोडा वापरणाऱ्यांची हीच तर तक्रार असते. पाणी हलकं असेल तर लिंबूफूल नाही घातलं तरी चालतं.

काही जण मिश्रणात मीठही घालतात. मला ते पटत नाही. मिठाची जागा यंत्राच्या तळाशी असलेल्या मिठाच्या कप्प्यात, पाणी हलकं करणाऱ्या भागासाठी. तिथेही आयोडीनचं बारीक मीठ नको, डिशवॉशरसाठी मिळणारं जाड शुद्ध मीठच घाला.

आणि हात जोडून सांगते, भांडी घासायचा लिक्विड साबण यंत्रात थेंबभरही टाकू नका. नैसर्गिक म्हणून रिठ्याचं पाणी घालू नका. रिठ्याला फेस येतो आणि डिशवॉशरला फेस चालतच नाही. पाण्याचे जोरदार फवारे भांड्यांवर आपटून यंत्र काम करतं. फेस झाला की पंपात हवा शिरते, फवारा मरतो आणि दाराच्या फटीतून फेस ओट्याखाली येतो.

तांब्या-पितळेची भांडी यात घालू नका. भांडी बाजारातून हौसेनं आणलेला तांब्या चिंचेनंच घासायचा. ॲल्युमिनियमची कढई आणि कुकरची भांडी सोड्याने काळवंडतात, बिडाचा तवा गंजतो. स्टीलची ताटं, वाट्या, काच आणि चिनी माती यांना काही होत नाही.

आता एक गंमत सांगते. हळद लागलेला प्लास्टिकचा डबा या पावडरीने धुतला की कधीकधी लालसर होऊन बाहेर येतो. घाबरू नका. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ना, तोच गुण. क्षाराशी गाठ पडली की हळद लाल होते. डबा धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, डाग बराचसा उडतो.

विकतच्या गोळीत एन्झाइम असतात, ते भाताची पेज, पिठल्याची खरपुडी, वाळलेलं दूध मोडतात. आपल्या मिश्रणात ते नाहीत. म्हणून खरकटं आधी काढा, भांडी वाळू देऊ नका आणि तळाची जाळी रोज झटका. घरी मिसळीचा बेत असेल, वीस वाट्यांना तर्रीचा लाल थर असेल, तर त्या दिवशी खुशाल विकतची गोळी घाला. ती घेताना पाकिटावर फॉस्फेट नाही असं लिहिलंय का ते वाचा. युरोपीय संघानं घरगुती डिशवॉशरच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर १ जानेवारी २०१७ पासून कडक मर्यादा घातली, कारण त्यातला फॉस्फरस हे पाण्यातल्या वनस्पतींचं खत. आपल्या गोदावरीत पाणवेली कशी माजते ते आपण बघतोच. मोरीतलं पाणी शेवटी तिच्याकडेच जातं, म्हणून मला ही गोष्ट मनापासून महत्त्वाची वाटते. सोड्यात आणि लिंबूफुलात फॉस्फरस नाही.

यंत्र वॉरंटीत असेल तर त्याची पुस्तिका आधी वाचा. घरगुती पावडर वापरू नका असं लिहिलेलं असेल तर मुदत संपेपर्यंत थांबा.

बरणीबद्दल एक राहिलं. धुण्याचा सोडा मिठासारखा, पिठीसाखरेसारखा दिसतो, पण पोटात गेला की आतून भाजतो आणि डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. तेव्हा बरणीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा, खाण्याच्या डब्यांपासून लांब, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा आणि तिच्यातला चमचा वेगळाच ठेवा.

नमस्कार.