दोरी फक्त पुढच्या एक्झिटपर्यंत: जर्मन ऑटोबानवर गाडी बंद पडली तर

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं, सुरू करते.

आज एकाच प्रसंगाबद्दल बोलायचंय, ऑटोबानवर, म्हणजे इथल्या एक्सप्रेसवेवर, गाडी बंद पडली तर काय. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण दोन-तीन वर्षांतच जर्मनीत आलेत, बहुतेकांनी जुनी गाडी घेतलीये, आणि गाडी बंद पडली की आपल्या डोक्यात पहिलं काय येतं तर टोचन. मित्राला फोन लाव, दोरी आण आणि ओढत घरी ने, हे आपण गावाकडे लहानपणापासून बघत आलोय, त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही.

मलाही वाटलं नव्हतं. आम्ही ए-८ वरून उल्मकडून श्टुटगार्टकडे येत होतो, शुक्रवारची संध्याकाळ, आइशेलबेर्गचा एक्झिट मागे पडला आणि पाचेक मिनिटांत इंजिन गेलं. आमच्यासोबतच निघालेला एक मित्र मागून येत होता, त्याच्या डिकीत दोरी होती, बांधली आणि निघालो. पुढचा एक्झिट किर्शहाइम-ओस्ट, तिथे उतरायला हवं होतं पण उतरलो नाही, कारण घर एसलिंगेनला, थोडंच तर राहिलंय म्हणून पुढे गेलो. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर मी होते, मागच्या सीटवर मुलगी, आणि आरशात एक ट्रक जवळ येत येत इतका जवळ आला की आरशात त्याच्या जाळीशिवाय काही दिसेना, मग त्याचा हॉर्न आणि शेवटच्या क्षणी तो डावीकडून निघून गेला. ते मी अजून विसरले नाहीये, आणि म्हणूनच आज इथे उभी आहे.

नियम घरी येऊन वाचला. इथल्या वाहतूक नियमावलीत, म्हणजे श्ट्रासेनफेअरकेअर्स-ओर्डनुंगमध्ये, १५-अ कलम आहे, चार ओळींचं. ऑटोबानवर बंद पडलेली गाडी ओढून नेत असाल तर पुढच्याच एक्झिटला बाहेर पडायचं. बाहेर गावात कुठे बंद पडली असेल तर ती ओढत ऑटोबानवर आणायचीच नाही. ओढताना दोन्ही गाड्यांचे चारही इंडिकेटर चालू हवेत, आणि बाईक ओढायला तर सरळ बंदीच आहे. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको आणि दोरी दिसावी म्हणून तिला लाल फडकं वगैरे बांधायचं, हे गाडीच्या तांत्रिक नियमांमध्ये वेगळं दिलंय.

आता हे पाच मीटर जरा डोळ्यांसमोर आणा. ताशी ५० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे पुढच्याने ब्रेक मारला तर तुमच्याकडे अर्धा सेकंदही नाही, आणि इंजिन बंद असल्यामुळे ब्रेकला जोर देणारा बूस्टर पेडल एक-दोनदा दाबलं की संपतो, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड. म्हणून दोरी सतत ताणलेली ठेवायची आणि हलका ब्रेक मागच्याने आधी लावायचा. आणि हे सगळं कुठे, तर जिथे ट्रक ८० ने येतायत आणि कार १३० ने किंवा त्याच्याही वर. मुळात ताशी ६० पेक्षा जास्त वेग घेऊच न शकणाऱ्या गाडीला ऑटोबानवर यायची परवानगी नाही, मग दोरीने बांधलेल्या दोन गाड्यांना तिथे जास्त वेळ का राहू देतील?

एक फरक सांगते. आपल्याकडच्या १९८९ च्या रस्ता नियमांत ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवालाच माणूस हवा, वेग २४ च्या आत आणि मागे ‘ऑन टो’ अशी पाटी हवी असं होतं. जर्मनीत मागच्या गाडीतल्या माणसाकडे लायसन्स असलंच पाहिजे असं नाही, पुढच्याचं पुरतं. पण माझं ऐकाल तर तुमच्यातला सगळ्यात अनुभवी ड्रायव्हर मागच्या गाडीत बसवा, खरं काम त्यालाच आहे.

इथे दोन शब्द आहेत, आबश्लेपन आणि श्लेपन. पहिला म्हणजे अडचणीत मदत, जवळच्या गॅरेजपर्यंत वगैरे. दुसरा म्हणजे बंद गाडी स्वस्तात विकत घेतली आणि दोरीने घरी ओढत आणली, तर त्याला आधी परवानगी लागते. आणि तुमची गाडी ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक असेल तर आधी गाडीचं पुस्तक बघा. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सला तेल नीट पोचत नाही, इलेक्ट्रिकला तर बहुतेक वेळा ट्रकवर चढवूनच न्यावं लागतं.

मग करायचं काय? जमेल तेवढं उजवीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, चमकणारं सेफ्टी जॅकेट घाला, ते प्रत्येक गाडीत असणं २०१४ पासून सक्तीचं आहे. सगळे उजव्या दाराने उतरा आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे जा. गाडीत बसून राहू नका, थंडी असली तरी, मुलं झोपली असली तरी. मग कठड्यामागूनच मागे चालत जाऊन इशाऱ्याचा लाल त्रिकोण ठेवा, कमीत कमी १०० मीटरवर. कडेचे पांढरे खांब ५० मीटरवर असतात, त्यामुळे मोजायला सोपं. त्याच खांबांवर छोटा बाण असतो, तो जवळच्या केशरी इमर्जन्सी फोनची दिशा दाखवतो. मोबाईल असला तरी तो फोन वापरायला लाजू नका, तुम्ही नेमके कुठे आहात हे त्यांना आपोआप कळतं. कुणाला लागलं असेल तर ११२. एडीएसीचं, म्हणजे इथल्या गाडीवाल्यांच्या क्लबचं, सभासदत्व किंवा इन्शुरन्ससोबतचं शुट्सब्रीफ, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडल्यावर मदत देणारं कव्हर, आजच घेऊन टाका, दोन्ही नसेल तर मदत येते पण बिल तुमच्या खिशातून जातं.

जॅकेट डिकीत सामानाखाली ठेवू नका, सीटच्या हाताशी ठेवा आणि जितकी माणसं तितकी ठेवा, कायद्याला एक पुरत असलं तरी.

टो हुक, म्हणजे दोरी अडकवायचा हुक, त्याबद्दल नुसतं बोलून समजणार नाही. बंपरवरच्या झाकणामागे तो फिरवून बसवायचा असतो, आणि बऱ्याच फोक्सवॅगनमध्ये आटे उलटे असतात, अंधारात कळत नाही. माझी गाडी खाली पार्किंगमध्येच आहे. चहा घ्या आणि खाली या, प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने बसवून बघा.