भिंत घालू नका, हद्द मोजा

मंडळी, अमेरिकेतल्या हायस्कूल खेळांत खासगी शाळांची स्पर्धा वेगळी करून मध्ये भिंत घालावी का, असा वाद आहे. तो आपण खासगी विरुद्ध सरकारी असा मांडतो, आणि तिथेच चुकतो. खरा फरक हद्दीचा आहे. सरकारी शाळेच्या संघात मुलं येतात ती साधारण ठरलेल्या वस्तीतून. खासगी शाळेला ती हद्द नसते, पण कित्येक चार्टर शाळांनाही, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांनाही, नसतेच. मग भिंत नेमकी कुठे घालणार?

टेनेसीतलं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते मला फार महत्त्वाचं वाटतं. 1997 मध्ये ब्रेंटवुड अकॅडमी या खासगी शाळेच्या अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षकाने आठवीतल्या मुलांना पत्र पाठवलं. ही मुलं पुढच्या वर्षी त्याच शाळेत येणार, हे आधीच ठरलेलं होतं. पत्राचा आशय साधा होता: वसंतातल्या सरावाला या, साहित्य मिळेल, लवकर आलात तर तुमचाच फायदा. खाली सही ‘तुमचा प्रशिक्षक’. राज्याच्या क्रीडा संघटनेने याला खेळाडू ओढणं ठरवलं. 3,000 डॉलर दंड, 4 वर्षं देखरेख आणि फुटबॉल व मुलांचं बास्केटबॉल 2 वर्षं बाद फेरीबाहेर. शाळा कोर्टात गेली. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की ही संघटना सरकारचाच भाग मानावी लागेल. तिच्या सभासदांत 84 टक्के सरकारी शाळा होत्या. म्हणजे तिला राज्यघटना पाळणं भाग. आणि 2007 मध्ये त्याच न्यायालयाने ती कारवाई घटनेत बसते असं ठरवलं, शाळा हरली! एका पत्राच्या हेतूवर दहा वर्षं गेली. त्या सरावाला बोलावलेली मुलं तोवर विशीत होती.

हेतू तपासत बसलं की असंच होतं.

वेळ संपत आलाय, म्हणून मुख्य मुद्दा भराभर सांगतो. स्पर्धेसाठी शाळांचे गट पटावरून पडतात. इलिनॉय राज्याने गुणक आणला: हद्द नसलेल्या शाळेचा पट 1.65 ने गुणायचा. 500 मुलं असली तरी शाळा 825 ची धरून वरच्या गटात. पण सरसकट गुणक हरणाऱ्या शाळेलाही तितकाच बसतो, म्हणून पुढे सवलती द्याव्या लागल्या. शिवाय सगळे खेळ एकाच गुणकात मावत नाहीत. बास्केटबॉलला मैदानात पाचच जण, बाहेरून आलेली दोन मुलं निकाल फिरवतात. फुटबॉलला आक्रमणाचे 11 आणि बचावाचे 11 वेगळे लागतात. छोट्या शाळेत तीच मुलं दोन्हीकडे खेळतात आणि सामन्याच्या शेवटच्या, चौथ्या क्वार्टरला पाय उचलत नाहीत. दुखापतीची भीती वाटते ती तेव्हा. तिथे पटच मोलाचा.

म्हणून मला इंडियाना राज्याची वाट पटते. तिथे 2012 च्या सुमारास यशाचे गुण मोजायला सुरुवात झाली, राज्य स्पर्धेच्या चढत्या टप्प्यांप्रमाणे: सेक्शनल जिंकलं 1, रीजनल 2, सेमीस्टेट 3, राज्य 4. त्या नियमात दोन वर्षांत 6 गुण झाले की तो संघ, फक्त त्याच खेळात, वरच्या गटात. शाळा खासगी की सरकारी, हा प्रश्नच उरत नाही. त्रुटी एकच, पण मोठी: गुण मिळवणारी मुलं पास होऊन जातात आणि वरच्या गटाचा मार खातात त्यांच्यामागची. म्हणून दर दोन वर्षांनी गुण नव्याने मोजा, आणि नाही जमलं तर संघाला परत खाली येऊ द्या.