काळं फासता न येणारा चष्मा

(बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते बेळगावात चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतात.)

मंडळी, तुमच्या चिटणीसांनी फोन केला तेव्हा विषय काही सांगितला नाही. एवढंच म्हणाले, "तासाभरात आवरा, नंतर आमटीभात आहे." म्हणून विषय मीच निवडला. मी काही शास्त्रज्ञ नाही. लोकांच्या नाकावर चष्मा बसवणं हा माझा धंदा. त्यामुळं आज जे बोलेन ते नाकापासून बोलेन.

यंदा दिवाळीला बेंगळुरूहून गावी आलेला एक मुलगा दुकानात आला. हातात जाड काड्यांचा काळा चष्मा. म्हणाला, "काका, यात आजोबांचा नंबर बसवून द्या." फ्रेम हातात घेतली आणि जड लागली. शेजारी सराफाचं दुकान आहे, त्याच्या काट्यावर ठेवली. सराफ म्हणाला, "पाच तोळं भरतंय बघा." म्हणजे पन्नास ग्रॅम. साधी फ्रेम प्लास्टिकच्या काचांसकट पंचवीस-तीसच्या आत बसते. त्या चष्म्याच्या कोपऱ्यात कॅमेरा, काडीत स्पीकर आणि माइक. फोटो काढतो, गाणी ऐकवतो, विचारलं तर उत्तर देतो. पण काचेत? काही नाही. नुसती काच.

तर हा तो चष्मा नव्हे. पुष्कळ लोकांचा इथंच घोटाळा होतो. दुसरी एक जात आहे, ती वायरनं फोनला जोडायची आणि डोळ्यांपुढं मोठा पडदा बघायचा. तो आपला टीव्हीच झाला. मी बोलणार आहे तिसऱ्याबद्दल. इंग्रजीत त्याला 'ऑगमेंटेड रिअॅलिटी'चा चष्मा म्हणतात. फोन नको, वायर नको, गणित करणारं डोकं त्याच्यातच आणि बॅटरीही त्याच्यातच. समोरचं जग जसंच्या तसं आरपार दिसतं आणि त्या जगावर अक्षरं, बाण, चित्रं तरंगतात. तुम्ही मान वळवली तरी अक्षरं ज्या भिंतीवर आहेत त्या भिंतीलाच चिकटून राहतात.

कल्पना जुनी आहे. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचं असं यंत्र केलं, तेव्हा त्याचा भार डोक्याला पेलेना म्हणून ते छताला टांगलं होतं, पाळणा टांगावा तसं. सगळी गंमत पुढं वजन उतरवण्यातच आहे. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २०१६ साली आला, वायर नसलेला, खराखुरा स्वतंत्र. पण ५७९ ग्रॅमचा. सराफाच्या भाषेत जवळजवळ अठ्ठावन्न तोळे! किंमत तीन हजार डॉलर. त्याला चष्मा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, ते शिरस्त्राण होतं. त्याआधी २०१३ मध्ये गूगलचा ग्लास आला, तो हलका होता, पण डोळ्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट दाखवायचा एवढंच. शिवाय कॅमेरा कधी चालू आहे हे समोरच्याला कळेना, म्हणून लोक चिडले. २०१५ मध्ये गिऱ्हाइकाला विकणं बंदच केलं.

आता परत सगळ्यांनी कंबर कसली आहे. फेसबुकवाल्या मेटा कंपनीनं २०२४ मध्ये ओरायन नावाचा नमुना दाखवला, ९८ ग्रॅमचा. पण त्याचं गणित करणारी डबी वेगळी, खिशात ठेवायची. २०२५ च्या सप्टेंबरात त्यांनीच ७९९ डॉलरला चष्मा विकायला काढला, ६९ ग्रॅम, पण चित्र एकाच डोळ्यात, उजव्या. स्नॅपचॅटवाल्या स्नॅप कंपनीचा २०२४ चा चष्मा खऱ्या अर्थानं स्वतंत्र आहे, दोन्ही डोळ्यांचा आहे, आणि २२६ ग्रॅमचा आहे. बॅटरी पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे बेळगावात घातला तर खानापूर स्टँडला उतरायच्या आधी विझणार. तो फक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना दिला होता; सर्वसामान्यांसाठीचा २०२६ मध्ये आणू असं कंपनीनं जाहीर केलं.

वजनावर मी एवढा का अडून बसलोय, ते दुकानात बसल्याशिवाय कळत नाही. चष्म्याचा सगळा भार दोन नोजपॅडवर, म्हणजे शेंगदाण्याएवढ्या दोन जागांवर येतो. चाळीस ग्रॅमची फ्रेम घेतलेला माणूस आठव्या दिवशी परत येतो आणि म्हणतो, "नाकाला खड्डा पडायलाय." यात बॅटरी कुठं ठेवणार? फोनची नुसती बॅटरीच साठ-सत्तर ग्रॅमची असते. शिवाय तापतं. फोन तापला तर आपण खाली ठेवतो. कानशिलाला चिकटलेली काडी तापली तर काय करणार?

त्यात आणि नंबर. मघाशी म्हटलं त्या मेटाच्या ७९९ डॉलरच्या चष्म्यात उणे चारपासून अधिक चारपर्यंतच नंबर बसतो. माझ्याकडं उणे सातची पोरगी येते, तिला तो मिळणार नाही. आणि चाळिशी? हे तरंगणारं चित्र बहुतेक चष्म्यांत साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखं दिसतं. आता समजा आज्जी तांदूळ निवडतायत. हात वीतभर अंतरावर, आणि सूचना दोन मीटरवर. डोळ्यानं एकदा इथं, एकदा तिथं नेम धरायचा. तरुण डोळा निभावून नेतो, तरी तासाभरानं कपाळ दुखतं. साठीचा डोळा कुठं कुठं धावणार? जाहिरातीत मात्र सगळे पंचविशीचेच असतात, आणि कुणालाच नंबर नसतो.

असो. काच कशी चालते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तुम्ही रात्रीच्या शेवटच्या बसनं खिडकीशी बसून आला असाल. आत दिवा लागलेला, बाहेर अंधार. काचेत तुमचा चेहरा दिसतो, आणि त्याच्या आरपार बाहेरची झाडंही दिसतात. तुमचा चेहरा शेतात तरंगत असतो. झालं, तोच हा चष्मा! फरक इतकाच की चेहऱ्याच्या जागी काडीत बसवलेला नखाएवढा प्रोजेक्टर आहे. त्याचा प्रकाश काचेच्या कडेनं आत शिरतो, दोन पृष्ठभागांमध्ये उड्या मारत काचेतूनच पुढं सरकतो आणि डोळ्यासमोर आला की काचेवर कोरलेल्या अतिबारीक रेघा त्याला बाहेर वळवतात. फार सुंदर काम आहे. मी आयुष्यभर काचा घासल्या, पण अशी काच घासणाऱ्याला माझा नमस्कार.

आता तीच बस दुपारी आठवा. खिडकीत तुमचा चेहरा दिसतो का? नाही. काच तीच, चेहरा तोच, पण बाहेरच्या उन्हापुढं तो फिका पडतो. या चष्म्याचंही तेच दुखणं. आणि दुसरं, त्याहून मजेशीर: हा चष्मा फक्त उजेड वाढवू शकतो. समोर जे आहे त्यावर प्रकाश टाकू शकतो, समोरचं काढू शकत नाही. म्हणून त्याला काळा रंग दाखवता येत नाही. काळं म्हणजे त्याच्या हिशेबी काहीच नाही, आरपार. मॅजिक लीप नावाच्या कंपनीनं २०२२ च्या चष्म्यात काच जागच्या जागी गडद करायची सोय केली, पण डोळ्याला इतक्या जवळ केलेला ठिपका धूसर सावलीसारखाच दिसतो.

हसलात ना? तुमच्या ध्यानात आलं. आपल्या सीमाभागात पाटीला काळं फासण्याची परंपरा दोन्ही बाजूंना आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून भाषेची बाकी भांडणं कोर्टात किंवा विधानसभेत, आणि गल्लीतलं भांडण पाटीवर. कुणी मराठी पाटीवर डांबर ओततं, कुणी कन्नड पाटीवर. आणि आता चष्मा येणार म्हणे, जो प्रत्येकाला आपापल्या भाषेत पाटी दाखवेल. पण त्याला काळं फासता येत नाही! चन्नम्मा चौकात भर दुपारी उभं राहिलात तर कन्नड पाटीवर तुमची मराठी अक्षरं फिक्कट, आहेत की नाहीत अशी. रात्री दिवे नसलेल्या गल्लीत गेलात तर पाटी अंधारात गडप, आणि मराठी लखलखीत. दुपारी पाटी कन्नड, रात्री मराठी. मला तर हा तोडगा सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगापेक्षा बरा वाटतो.

थट्टा सोडा. भाषांतराचं काम फोनचा कॅमेरा आजही करतो. कन्नड पाटीवर धरला की मराठी उमटते. आपल्या हायवेला ती पाटी आहे, 'अवसरवे अपघातक्के कारण'. ज्याला कन्नड येत नाही पण अक्षरं लावता येतात, तो वाचतो की अवसर हेच अपघाताचं कारण. म्हणजे संधी आली की माणूस मरतो! कन्नडात अवसर म्हणजे घाई. इथं फोन खरोखर शहाणा ठरतो, आणि आपणच शेजारी राहून फसतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. काही वर्षांपूर्वी पश्चिम भागातल्या एका गावचे मामा आले. पंच्याहत्तरी उलटलेली, मराठी चौथी शिकलेले. जवळचा नंबर काढला, अडीच आला. ट्रायल फ्रेम चढवली, हातात मराठी तक्ता दिला. शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचली. मलाच बरं वाटलं. चार दिवसांनी चष्मा तयार झाला, मामा घालून बसले, आणि बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. शेताचा उतारा. उलगडला, जवळ धरला, लांब धरला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्ये का दिसंना झालंय?"

मी म्हटलं, "मामा, दिसतंय तुम्हाला. ते कन्नड आहे."

"ते ठावं हाय की. पण चष्मा घेतला नव्हं?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं चुकलं होतं असंही म्हणवेना. आयुष्यभर जो कागद कुणाकडून तरी वाचून घेतला, तलाठ्याकडून, मास्तरांकडून, कधी ज्याच्याशी बांधावरून भांडण त्याच्याच पोराकडून, तो एकदा आपल्या डोळ्यांनी वाचायचा म्हणून त्यांनी पैसे मोजले होते. पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेतही मिळावेत, हे ठरून किती पिढ्या गेल्या. मामांनी तो तोडगा चष्म्याच्या दुकानात शोधला.

मग मी फोन काढला आणि कॅमेरा उताऱ्यावर धरला. सर्वे नंबर बरोबर, नाव जवळपास बरोबर. एका रकान्यात कन्नडमध्ये 'फूट खराब' असतं. आपण ज्याला पोटखराबा म्हणतो, लागवडीला न येणारी जमीन. फोननं मराठी केलं: 'खराब पाय'. मी ते मोठ्यानं वाचलं. मामा म्हणाले, "पाय न्हाई वो, गुडघा."

दुकानभर हसू झालं, आणि मग मी गप्प झालो. मी कन्नड वाचतो म्हणून चूक कळली. एकटे मामा तो भाषांतर करणारा चष्मा घालून बांधावर उभे असते, तर पोटखराब्याच्या जागी पाय वाचून काय समजले असते? पाटीवरची चूक हसण्यावारी जाते. उताऱ्यावरची चूक कोर्टात जाते.

स्वतंत्र म्हणवणाऱ्या चष्म्याचीही एक मेख सांगतो. वायर नाही, म्हणून तो एकटाच सगळं करतो असं समजू नका. भाषांतरासारखं जड काम बरेचदा दूरच्या कुठल्या तरी संगणकावर होतं. म्हणजे रेंज पाहिजे, आणि जांबोटीच्या पुढं जंगलात फोन काय करतो ते तुम्ही जाणता. शिवाय मामांचा उतारा कॅमेऱ्यातून कुठं जातो, कुणाकडं राहतो? २०२३ साली आपल्याकडं डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण ज्याचा फोटो निघाला त्याला कळलंच नाही तर कायद्याचं दार ठोठावणार कोण?

कामाच्या जागी मात्र हा चष्मा आधी रुळेल असं मला वाटतं. 'ऑगमेंटेड रिअॅलिटी' हे नावच बोइंगच्या विमान कारखान्यात पडलं, नव्वदच्या सुमाराला, वायरिंग करणाऱ्या कामगाराला कोणती तार कुठं ते डोळ्यासमोर दिसावं म्हणून. आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत फिटरचे दोन्ही हात तेलानं माखलेले असताना ड्रॉइंग कोण धरून उभं राहणार? तिथं एखादा तास घालायचा, काढून ठेवायचा. नाकाला खड्डा पडत नाही.

*(शेवटी प्रश्न घेतले. एका शिक्षिकेनं विचारलं, "सर, त्या चष्म्यातनं तुमच्या दुकानाची पाटी कशी दिसंल?")*

बाई, चांगला प्रश्न. कर्नाटकाच्या कन्नड भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीचा साठ टक्के भाग कन्नडला द्यायचा, म्हणून मी नवी करून घेतली. वर मोठं कन्नड, खाली बारीक मराठी आणि इंग्रजी. तुम्ही तो चष्मा घालून आलात तर कन्नडवर मराठी उमटणार, आणि खाली मराठी आहेच. माझं एकच नाव दोनदा वाचाल. कोपऱ्यात वडिलांच्या वेळच्या पेंटरनं काढलेला मोठा लाल चष्मा होता, तो मी नव्या पाटीवरही तसाच काढून घेतलाय. मामा तोच बघून आत आले होते. परवाही आले होते, फ्रेमची काडी सैल झाली म्हणून. काडी आवळली, आणि मग त्यांनी बंडीत हात घातला.

चिटणीस खुणावतायत. आमटी निवायला लागली.